मुक्या गाडीचे कंडक्टर

सुज्ञ वाचकांस सविनय निवेदन करण्यात येते की, पुढे एका सुनेचा, तिच्या सासऱ्यांचा आणि शिवणकाम करणाऱ्या एका काकूंचा एका दिवसाचा प्रवास त्यांच्याच शब्दांत सादर होत आहे. वाहन विजेवर चालणारे आहे. सून इस्पितळाच्या रक्त-तपासणी विभागात नोकरीस असून त्या विभागाचे दार रोज सकाळी तिनेच उघडावयाचे असते. सासरे सेवानिवृत्त बस-कंडक्टर होत. ज्या उताराच्या रस्त्यावर त्यांची हयात गेली, त्या रस्त्यावरची बस आता बंद झालेली आहे. प्रस्तुत लेखकाचे टायरचे दुकान त्याच उताराच्या पायथ्याशी असल्यामुळे, आणि हवा भरून होईपर्यंत माणसे मोकळेपणाने बोलतात म्हणून, हा वृत्तांत त्यास तिघांकडूनही ऐकावयास मिळाला. इतके सांगून लेखक बाजूस होतो.

(थंडीची सकाळ. गाडी नुकतीच घरासमोरून निघाली आहे. सून चालवीत आहे, सासरे शेजारी.)

सासरे — म्हणजे उद्यापासून मी यायचं नाही.

सून — असं कुठं म्हटलं मी, मामंजी?

सासरे — शब्द निराळे होते, मतलब तोच होता.

सून — मी एवढंच म्हटलं की थंडी वाढलीय, थोडे दिवस घरी आराम करावा.

सासरे — थंडी मला वाढलीय, की तुझ्या इस्पितळातल्या मोठ्या बाईंना? खरं ते सांग. आडवळणानं गाडी न्यायची नाही, सरळ रस्ता असताना.

सून — बरं, सरळ सांगते. काल मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, आणखी एकदा दार उशिरा उघडलं तर लांबच्या शाखेत बदली. तिथवर जाऊन परत यायला या गाडीला वीज पुरणार नाही. वाटेत कुठं चार्जिंगही नाही. म्हणजे गाडी विकायची आणि मी तिथंच खोली घेऊन राहायचं. सुट्टीला तेवढं घरी यायचं, पाहुण्यासारखं.

सासरे — उशिराचं कारण विचारलं असेल.

सून — विचारलं. मी म्हटलं, उताराचा रस्ता आहे, जपून यावं लागतं.

सासरे — साफ खोटं. उताराला ही गाडी वेळ लावतच नाही.

सून — माहीत आहे मला. वेळ जातो तुमच्या थांब्यांवर.

सासरे — माझे थांबे? बस बंद झाली म्हणून माणसं उभी राहायची बंद होतात का? ती तिथंच उभी असतात. आपली मागची सीट रिकामी पळते. हे डोळ्यांनी बघून गप्प बसायचं?

सून — जागा द्यायला माझी ना नाही, मामंजी. पण बँकेतले शिपाईभाऊ पाय बाहेर ठेवून, दार उघडं टाकून बुटाचे बंद बांधतात. परवा म्हणाले, कपात थोडा चहा उरलाय, तेवढा संपवून येतो. आणि तुम्ही त्यांना "सावकाश" म्हणालात!

सासरे — गरम चहा घाईनं पिऊ नये. ... बरोबर आहे तुझं. ते चुकलंच माझं.

सून — आणि इकडे दाराबाहेर माणसं उपाशीपोटी बसलेली असतात. रक्त दिल्याशिवाय काही खाता येत नाही. त्यात एक गरोदर बाई होती काल. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही, इतकी कंटाळली होती.

सासरे — हं.

सून — हीटर लावू का? हात गार पडलेत तुमचे.

सासरे — मुळीच नको. हीटर लावलास की बॅटरीचे टक्के धडाधड खाली येतात. मला शाल आहे, मांडीवर गरम पाण्याची पिशवी आहे. फार तर चालवणारीच्या पायाशी तेवढा बारीक चालू ठेव. आता पाय उचल. उतार आला. उचल, उचल... वा! बघ, चढला टक्का! चढला की नाही?

सून — रोज चढतो, मामंजी.

सासरे — रोज चढतो म्हणून रोज कौतुक करायचं नाही? आमची बस या उतारावर आली की ब्रेक जळल्याचा वास यायचा. बायका पदर नाकाला लावायच्या. ड्रायव्हर घामाघूम. आणि ही आपली मुकी! उतरता उतरता पोट भरून घेते. अशी गुणी गाडी आमच्या खात्यात असती तर मी निवृत्तच झालो नसतो.

सून — पहिल्या दिवशी तुम्ही हिला कपाट म्हणाला होतात.

सासरे — म्हणालो होतो. आवाज नाही, धूर नाही, गिअरचा दांडा नाही. कपाट नाही तर काय म्हणणार? पण तो शब्द मी थांब्यांवरच्या सगळ्यांसमोर परत घेतला. शिपायासमोर, चष्मेवाल्यासमोर. अहो! अहो टोपीवाले! कडेनं चला, कडेनं! मागं गाडी आहे!

सून — काच वर घ्या, वारा येतोय. मी हॉर्न दिला असता.

सासरे — हॉर्ननं माणूस दचकतो. आवाज दिला की बाजूला होतो. हिला स्वतःचा आवाज नाही, तर कोणीतरी तिच्या वतीनं बोलायला नको? आता उद्यापासून तूच बोल.

सून — मामंजी...

सासरे — नाही, मी रागावलो नाही. आजची फेरी शेवटची समज. थांबाही आज एकच घेऊ, शिंपीणकाकूंचा. बाकीच्यांना लांबूनच हात करतो. काकूंचा गुडघा बरा नाही आणि त्या तुझ्याच इस्पितळाच्या चादरी शिवतात. त्यांना सोडून जायला माझं मन घेणार नाही.

सून — काकूंना मी कधी नाही म्हटलंय? त्यांच्यासाठी थांबतेच मी.

सासरे — हे बघ, मी उतरून त्यांना नीट बसवतो, तू जागची हलू नकोस. ड्रायव्हरनं समोर बघायचं. मागची जबाबदारी कंडक्टरची. दोन थापा पडल्या की निघायचं.

सून — तेवढं तरी पाठ झालंय माझं. झोपेतसुद्धा कोणी कपाटावर दोन थापा मारल्या तर मी निघेन.

(पाण्याच्या टाकीजवळचा जुना बस-थांबा. काकू गाठोडे घेऊन उभ्या आहेत.)

काकू — या, या, कंडक्टरसाहेब! आज तोंड असं काय, इस्त्री न केलेल्या चादरीसारखं?

सासरे — तोंड नेहमीचंच आहे. आपण पुढच्या सीटवर बसावं. गुडघा आधी आत, मग आपण. मी मागं बसतो.

काकू — आई गं! हळू. ही गाडी गुणी असेल हो, पण बुटकी फार. बसताना वाटतं, विहिरीत उतरतेय.

सासरे — बुटकी आहे म्हणून तर वारा कापते. गाठोडं द्या इकडे. डिकीत ठेवतो.

काकू — डिकीत नको बाई! तिथं ते चार्जिंगचं काळं वेटोळं असतं. चादरी आत्ता धुऊन, शिवून, घड्या घालून आणल्यात. मागं सीटवर ठेवा, माणसासारख्या.

सासरे — सीटवर ठेवलं की गाडी पट्ट्यासाठी ओरडते. एरवी मुकी, पण पट्टा म्हटलं की हिला वाचा फुटते. थांबा, गाठोड्याला पट्टा लावतो. झालं. केवढं मोठं आहे हो हे, माझ्याएवढं! शाल याच्यावर टाकतो. दारात अडकते ती. मी पलीकडच्या बाजूनं आत येतो.

सून — झालं का, मामंजी? उशीर होतोय.

सासरे — झालं, झालं. दार लावतोय.

(दार लागते. टपावर दोन थापा पडतात. गाडी निघते.)

सासरे — (रस्त्यावर एकटेच) वा! काय निघाली! धक्का नाही, घरघर नाही, धुराचा ठिपका नाही. पाण्यावरून पान जावं तशी गेली. शाब्बास, सूनबाई, शाब्बास... अगं! अगं ए! थांब! मी बाहेरच राहिलो!

(गाडीत.)

सून — मामंजी, नीट बसलात ना? ... बोलत नाहीत. रागावलेत.

काकू — रागावलेत? आत्ता तर चादरींना पट्टा लावत होते.

सून — मी त्यांना आज सांगितलं, उद्यापासून घरी राहा म्हणून.

काकू — त्यांना? घरी? अगं, घरात त्यांना ठेवशील कुठं? स्वयंपाकघरातसुद्धा "पुढे सरका, पुढे सरका" म्हणतात ते. तुझ्याच सासूबाई सांगत होत्या.

सून — माझी बदली होतेय, काकू, उशिरामुळे. दुसरा मार्ग दिसेना.

काकू — मग चेहरा असा उसवल्यासारखा का करतेस? बोल त्यांच्याशी. मागंच आहेत. मला मान वळवता येत नाही, नाहीतर मीच बोलले असते.

सून — आरशात बघतेय मी. काचेवर धुकं धरलंय, पण दिसतात. शाल डोक्यावरून घेऊन, तोंड फिरवून बसलेत.

काकू — मग बरंच आहे. तोंडावर बोलायला जड जातं, ते पाठीला सांगून टाकावं.

सून — मामंजी, तुम्ही नुसतं ऐका. उत्तर देऊ नका. ही गाडी घ्यायची ठरली तेव्हा घरात सगळे हसले. मी चालवणार म्हटल्यावर आणखी हसले. तुम्ही कपाट म्हणालात, आणि दुसऱ्या सकाळी त्याच कपाटात माझ्या आधी येऊन बसलात. म्हणालात, वर्तमानपत्र आणायचंय. मामंजी, वर्तमानपत्र घरी येतं आपल्या.

काकू — हे मला माहीत नव्हतं हं.

सून — त्या दिवशी उताराच्या तोंडाशी मला खाली बघवेना. तुम्ही ब्रेक दाब म्हणाला नाहीत, जपून म्हणाला नाहीत. समोर बघत नुसती थांब्यांची नावं घेत राहिलात. पाण्याची टाकी. शाळेचं फाटक. दगडी पूल. जसे गाडीत प्रवासी भरलेत आणि त्यांना सांगताय. मला एका थांब्यापासून पुढच्या थांब्यापर्यंतच चालवायचं होतं. अख्खा उतार मला कधी उतरावाच लागला नाही.

काकू — आणि हे आलंच बघ शाळेचं फाटक.

सून — आणि गेल्या थंडीत परत येताना चढावर टक्के तळाला गेले होते, आठवतं? मी रडकुंडीला आले. तुम्ही शांतपणे दार उघडून उतरलात आणि म्हणालात, "प्रवासी कमी झाला, आता गाडी चढेल." आणि अंधारात माझ्या मागून चालत आलात, घरापर्यंत. दुसऱ्या दिवशी पाय सुजले होते तुमचे. चपलेला दोष दिलात.

काकू — कंडक्टरसाहेब, बोला की हो! पोरीनं एवढे टाके उसवून दाखवले.

सून — मोठ्या बाईंना मी खोटं का सांगितलं, तेही सांगते. सासरे सोबत येतात, थांबे घेतात, असं सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, त्यांना आणू नका. ते मला ऐकायचं नव्हतं. आणि शेवटी काय केलं? तेच मी माझ्या तोंडानं तुम्हाला सांगितलं.

काकू — गप्पच! गाडीबरोबर राहून हेही मुके झाले की काय?

सून — एक मिनिट, काकू. फोन वाजतोय. ... मामंजींचाच आहे.

काकू — मागं बसून फोन? एवढा राग?

सून — मामंजी, बोलायचं असेल तर असंच बोला ना.

सासरे — (गाडीतल्या स्पीकरमधून) असंच बोललो असतो, पण तुला ऐकू आलं नसतं. मी पाण्याच्या टाकीजवळ उभा आहे.

काकू — अगं बाई! मग मागं कोण बसलंय?

सून — शाल... चादरी! मामंजी! मी तुम्हाला रस्त्यात टाकून आले?

सासरे — टाकून कशाला आलीस? मीच थापा मारल्या. दार लागलं की हात आपोआप वर जातो. आयुष्यभराची खोड. बरं, तू निघालीस इतकी सुरेख, की मी शाबासकीला हात वर केला. गाडी वळणावर गेल्यावर लक्षात आलं की आपण आत नाही. आवाज असता तर वेळेवर कळलं असतं. पण त्यात तिचा दोष नाही.

सून — मी वळते. आहात तिथंच उभे राहा.

सासरे — वळायचं नाही!

सून — थंडी आहे, तुमची शाल इथं आहे!

सासरे — पाण्याची पिशवी सदऱ्यात खोचलेली आहे. आणि माणूस चालायला लागला की ऊब येते.

सून — मामंजी, मी वळतेय.

सासरे — सूनबाई, ऐक. प्रवासी सुटला म्हणून गाडी मागं फिरत नाही.

सून — तुम्ही प्रवासी नाही. कंडक्टरशिवाय गाडी चालत नाही, असा नियम तुम्हीच सांगितलाय.

सासरे — तो डिझेलच्या गाडीचा नियम.

काकू — भांडा तुम्ही निवांत. पण भांडताना गाडी पुढं जातेय की मागं, ते तरी मला कळू द्या.

सासरे — पुढं! तिथं दाराशी माणसं उपाशी बसलीत. ती माझ्यापेक्षा म्हातारी असतील, आजारी तर आहेतच. मी धडधाकट. आणि दुसरं सांगतो. मला घरी बसवायचं असेल तर बसव, पण मोठ्या बाईंच्या धाकानं नको. आज वेळेवर पोच, दार उघड, मग मोकळ्या मनानं काय ते ठरव. मला सांग, कुठवर आलात?

सून — शाळेचं फाटक गेलं.

सासरे — टक्के?

सून — निघताना होते त्यापेक्षा जास्त.

सासरे — वा! हे माझ्या थांब्यावरच्या लोकांना सांगितलं तर खोटं वाटेल त्यांना. पुलावर पाणी सांडलेलं असतं, पाय एकदम उचलू नकोस. ठेवतो. फोनलाही चार्जिंग लागतं.

(इस्पितळाचे आवार.)

सून — काकू, दाराशी कोणीच नाही अजून. आपणच पहिल्या.

काकू — म्हणजे थांब्यांमुळेच उशीर होत होता म्हणायचा.

सून — हो. तेच खरं होतं.

काकू — मग आनंद कर की. बदली टळली.

सून — करते. ... काकू, मला सारखं वाटतंय, मागचं दार आता उघडेल आणि ते म्हणतील, "सर्वांनी सामान बघून उतरावं."

काकू — मलाही वाटतंय. बरं, ते नाहीत, आता मला या विहिरीतून बाहेर कोण काढणार? हात दे. असा नाही गं! पंजा धरून ओढलंस तर मी पंजाच देऊन बसेन तुला. ते कोपराखाली हात घालतात. आणि "सावकाश, गाडी आपलीच आहे" म्हणतात.

सून — सावकाश, काकू. गाडी आपलीच आहे.

काकू — जमलं. पण त्यांची सर नाही.

(संध्याकाळ. पाण्याच्या टाकीजवळचा थांबा. सासरे हात दाखवून उभे आहेत. गाडी थांबते; आत काकूही आहेत.)

सासरे — जागा आहे का?

सून — मामंजी! तुम्ही सकाळपासून इथंच?

सासरे — छे! सकाळीच चालत घरी गेलो. जेवलो, झोपलो. आत्ता तुझी वेळ झाली म्हणून खाली आलो. चढावर तू एकटी नको. काकू, उतरा. कोपर द्या. सावकाश, गाडी आपलीच आहे.

काकू — हा खरा हात! सकाळी तुमच्या सुनेनं मला बूच काढल्यासारखं काढलं.

सासरे — शिकेल. सकाळी फार काळजी करत होती का?

काकू — काळजी? अहो, आज गाठोड्यानं तुमचं इतकं कौतुक ऐकलं की चादरी फुगल्या. घड्या परत घालाव्या लागल्या.

सासरे — काय म्हणाली?

काकू — ते मी कशाला सांगू? चादरींना विचारा. वॉर्डात गेल्यात त्या. येते मी. उद्या... उद्याचं तुमचं तुम्ही बघा.

सून — बसा, मामंजी. ही घ्या शाल. आता पुढं बसा.

सासरे — आधी तू सांग. दार?

सून — वेळेच्या आधी उघडलं. सगळे वेळेवर मोकळे झाले. आणि दुपारी मी स्वतः मोठ्या बाईंकडे गेले. खरं सांगून टाकलं. सासरे सोबत येतात, बस बंद झालेल्या रस्त्यावरची माणसं गाडीत घेतात, म्हणून उशीर होतो. आज त्यांना चुकून रस्त्यात टाकून आले म्हणून लवकर पोचले.

सासरे — अगं, असं सांगायचं असतं का! काय म्हणाल्या?

सून — चष्मा काढून बघत राहिल्या. म्हणाल्या, "वेळेवर या, एवढंच माझं म्हणणं आहे. कोणाला घेऊन या आणि कोणाला टाकून या, असं मी कधी म्हटलं?" आणि मग म्हणाल्या, "पोचले का ते नीट?"

सासरे — बाई चांगली आहे. उगाच मी सकाळपासून तिला नावं ठेवतोय. आता माझंही ऐक. सकाळी आधी खाली पुलापर्यंत गेलो आणि मग थांब्याथांब्यानं चालत वर गेलो. सगळे उभेच होते. चष्मेवाला, शिपाई, दाईबाई. सगळ्यांना समज दिली. उद्यापासून गाडीचा थांबा एकच, पाण्याची टाकी. दगडी पूलवाल्यांनीही वरच यायचं. बुटाचे बंद बांधून, चहा पिऊन, रांगेत उभं राहायचं. गाडी आली की बसायचं. जो नसेल तो राहिला.

सून — शिपाईभाऊ काय म्हणाले?

सासरे — म्हणाला, "साहेब, आणि कपात चहा उरला तर?" मी म्हटलं, तर तू आणि चहा दोघंही उरा.

सून — मामंजी!

सासरे — हसू नकोस. पुढं ऐक. हे मी माझ्यासाठी केलं नाही. मी नसलो तरी त्यांना जागा दे, एवढंच मागणं आहे. एका थांब्याला तुला वेळ लागणार नाही. माणसं सवयीची आहेत, त्रास देणार नाहीत. मी घरी राहीन. खरंच राहीन. संध्याकाळी तेवढा इथवर चालत येईन. तब्येतीला बरं.

सून — मामंजी, तुम्ही चढाकडे बघा.

सासरे — का? काय झालं?

सून — काही नाही. बघा नुसते. रोज बघता तसे.

सासरे — ... चढतेय सुरेख. दमत नाही ही. आमची बस इथं आली की खोकायची. मी पाठीमागून मनातल्या मनात ढकलायचो तिला. आणि तू वळण काय घेतेस! आतल्या प्रवाशाच्या हातातला पेला हिंदकळणार नाही. इतके ड्रायव्हर बघितले मी. दणकट होते, धाडसी होते, एकजण तर वळणावर गाणं म्हणायचा. पण मागं बसलेल्या माणसाचा विचार करून स्टिअरिंग फिरवणारा बघितला नव्हता. हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं. मी फक्त गाडीचंच कौतुक करत राहिलो.

सून — मला वाटायचं, माझंच करताय.

सासरे — ते ओळखलंस?

सून — गाडी मुकी आहे, मामंजी. मी बहिरी नाही.

सासरे — समोर बघ. ड्रायव्हरनं समोर बघायचं. आणि डोळे पूस, रस्ता धूसर दिसेल.

सून — डोळे तुमचे पाणावलेत.

सासरे — वारा आहे.

सून — काच बंद आहे.

सासरे — असू दे. आलं घर. वायर मी लावतो आज, तू बसून राहा. आणि आत सांगायला हवं, इस्त्री करायची असेल तर आत्ताच करून घ्या, रात्री गाडीला वीज लागेल.

सून — मामंजी, उद्या किती वाजता निघायचं?

सासरे — ते ड्रायव्हरनं ठरवायचं नसतं. कंडक्टरला विचारायचं असतं.

सून — विचारतेच आहे.

येथे हा वृत्तांत पूर्ण झाला. आपला अमूल्य वेळ खर्च करून आपण तो शेवटपर्यंत वाचलात, याबद्दल लेखक आपला मनःपूर्वक ऋणी आहे. लेखनात काही उणे राहिले असल्यास ते लेखकाचे समजावे. जे चांगले वाटले ते त्या तिघांचे आहे.

आपला नम्र,
हवावाले नाना
उताराच्या पायथ्याचे टायर-दुकान